झोप लागली ती पहाट

अक्षराबद्दल आधी माफी मागते. चौथीत होते तेवढेच मोठे आणि वाकडे अक्षर अजून आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही उमजत नव्हते. ही वही कोणी वाचणार नाही. तरी कधी कोणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

लिहिण्याची सवय सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लावली. रात्री किती वाजता आडव्या झालात, किती वाजता जाग आली, चहा किती वेळा घेतला, हे पंधरा दिवस लिहून आणा म्हणाल्या. घरात मुलीची शाळेतली एक वही होती, मागची अर्धी पाने कोरी. तीत लिहिले आणि दाखवून आले. त्यानंतरही पाने उरली आणि हाताला रोज लिहायची सवय राहिली. तोंडाने मला बोलता येत नाही. चार बायांत बसले की मी पदर तोंडाला लावून ऐकते. म्हणून माझी झोप गेली तेव्हापासून काय काय झाले ते इथे लिहून ठेवते.

आमचे गाव जामहून ऑटोने अर्ध्या तासावर आहे. मुलगी लग्न होऊन गेली. मुलीचे बाबा कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये जातात, उन्हाळ्यात तिथेच बाजारात हमाली करतात. मी पावसाळ्यात निंदायला जाते, दिवाळीनंतर कापूस वेचायला. उन्हाळ्यात मात्र मी कोणाच्या शेतात जात नाही. होळीपासून मृगापर्यंत मी लोकांच्या कुरडया करून देते. हे काम मला आईकडून आले. लोक गहू आणून देतात आणि किलोमागे मजुरी देतात. लग्नघर असेल तर रुखवतासाठी रंगीत कुरडयाही सांगतात. वर्षभरात माझ्या स्वतःच्या नावाने जे काही पैसे घरात येतात ते या तीन महिन्यांत येतात, आणि बाया मला काही विचारतात त्याही याच तीन महिन्यांत. बाकीचे नऊ महिने मी दहा मजुरणींतली एक असते.

झोप गेली ती पंचेचाळीस ओलांडल्यावर. आधी वाटले उकाड्यामुळे असेल. मग पौषात तेच होऊ लागले. रात्री दोनच्या सुमारास छातीतून वाफ निघे आणि कानांपर्यंत चढे. मान, पाठ, सगळे ओले. गोधडी फेकून द्यावी लागे आणि पाच मिनिटांत थंडी वाजून पुन्हा ओढावी लागे. एकदा हे जागे झाले.

"माय वो, थंडी पडून राह्यली अन् तू गोधडी फेकून राह्यली. ताप आला का?"

"नाई."

"मंग काऊन?"

"मले काय माहीत काऊन."

त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि कूस बदलून झोपले. त्यांची झोप अशी आहे की अंगणात बैल मेला तरी सकाळीच कळावे.

पाळीही बदलली होती. कधी पंधरा दिवसांत, कधी दोन-तीन महिने नाही. हे मी कोणाला सांगितले नाही. शेजारी माझी चुलत जाऊ राहते. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि माझ्या वाटचेही तीच बोलते. तिला फक्त झोपेचे कळले, तेही मी रात्री अंगण झाडू लागले म्हणून. पडून राहून छताचे टिन मोजण्यापेक्षा काम उरकलेले बरे असे मला वाटे.

"बाई, तुमी रातच्या अडीचले आंगन झाडता," ती एकदा म्हणाली. "कुत्रे उठतात, मंग माई पोट्टी उठते, मंग मी उठते. एका खराट्यानं सारी गल्ली जागी. चोर येऊन येऊन वापस जाऊन राह्यले असतीन."

तिनेच उपाय सांगितले. दुधात जायफळ, तळपायाला खोबरेल लावून काशाची वाटी, उशाखाली कांदा. जायफळाने डोके जड होई, झोप येत नसे. कांद्याने नुसता कांद्याचा वास आला. दिवसा मात्र बसल्या जागी डोळे मिटत. त्या पावसाळ्यात निंदताना माझी डुलकी लागली आणि हात चालूच राहिला. मी एका ओळीतली दीड हात तूर गवताबरोबर उपटली. शेतमालक म्हणाला, "बाई, गवत राह्यलं काय थोडंसं, का सारं वावरच साफ करता?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. त्या दिवशीची मजुरी मी मागितली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्याची गोष्ट आहे.

जामच्या चौकात हायवेला लागून एक भोजनालय आहे. ते चालवणाऱ्या ताई मोठ्या आवाजाच्या, ट्रकवाले त्यांना वचकून असतात. त्यांच्या मुलीचे लग्न बुद्ध पौर्णिमेनंतर होते. दरवर्षी त्या पाच किलो गव्हाच्या कुरडया माझ्याकडून नेत. त्या साली वीस किलो गहू ऑटोत टाकून घेऊन आल्या आणि तीन हजार रुपये बयाना म्हणून हातावर ठेवले. एवढा बयाना मला कधी कोणी दिला नव्हता.

"रुखवताच्या कुरड्या अशा पायजे का मुलाकडच्या बाया पाह्यतच राह्यल्या पायजे," त्या म्हणाल्या. "अन् अर्ध्या मी हाटेलात ठेवीन. तुयं नाव सांगीन, गिऱ्हाईक येईन."

मी मान हलवली.

त्या बयान्यातून मी कूलर घेतला. हे मी अजून नीट समजावून सांगू शकत नाही. पैसे काम झाल्यावर माझेच होणार होते, असा माझा हिशेब होता. वैशाख होता, टिनाच्या घरात रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असत आणि त्यात माझी ती आतली वाफ. सात-आठ रात्री मी मिळून दोन-दोन तासही झोपले नसेन. हिंगणघाटला जुन्या सामानाच्या दुकानात यांनी तो पाहून ठेवला होता, अठ्ठावीसशे रुपयांना. मी पैसे काढून दिले तेव्हा यांनी विचारले, "कुठचे?" मी म्हटले, "कुरड्याचे." ते खरेच होते.

कुरडईचे काम ज्यांनी केले नाही त्यांना थोडे सांगावे लागेल. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी दळून, कोळून, फडक्यातून गाळून त्याचे दूध काढायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळपर्यंत वर तांबूस पाणी येते आणि तळाला पांढरा घट्ट चीक बसतो. पाणी ओतून टाकायचे, चीक मोजायचा, तेवढेच पाणी उकळायला ठेवायचे आणि अंधार असतानाच चीक शिजवायला घ्यायचा. उजाडेपर्यंत शिजवून गरम गरमच साच्यातून खाटेवर घालावा लागतो, म्हणजे दिवसभराचे ऊन मिळते. वैशाखात चीक थांबत नाही. चारला चुलीवर गेला नाही तर आंबतो.

त्या वेळी आधीच एक दिवस जास्त झाला होता. चौथ्या दिवशी गावातली वीज गेली ती रात्रीपर्यंत आली नाही, दळण पाचव्या दिवशी झाले. गव्हाला थोडा वास होता. मी पाणी तीनदा बदलले होते, त्यामुळे भागले असते. दूध गाळून चार मोठ्या पातेल्यांत, आमच्याकडे गंज म्हणतात, भरले आणि मागच्या पडवीत ठेवले. जावेला सांगितले, पाचला साचा फिरवायला येजो. घड्याळाचा गजर लावला नाही. दोन वर्षे मला दोनला जाग येत होती. मला गजराची गरज वाटली नाही.

कूलर त्याच संध्याकाळी यांनी आणून लावला होता. कडबा कापणाऱ्या कुट्टी मशीनसारखा आवाज करायचा. वाळ्याची जाळी ओली झाली आणि थंड हवा पायांवर आली. दोनला मला नेहमीसारखी जाग आली. घाम आला, हवेने सुकला. मी उठून गंजांवरची फडकी पाहून आले. चारला अजून वेळ आहे म्हणून पुन्हा आडवी झाले.

जाग आली तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवर अर्ध्यावर आली होती. सव्वानऊ वाजले होते.

हे पहाटेच्या पहिल्या गाडीने हिंगणघाटला गेले होते. संध्याकाळी मी विचारले, मला उठवले का नाही. ते म्हणाले, "कितीक दिवसानं झोपली होती तू. तोंड उघडं टाकून झोपली होती. मले उठवू वाटलं नाई." जाऊ पाचला आली होती. तिने दार वाजवले, कूलरच्या आवाजात मला ऐकू आले नाही. तिला वाटले चीक बसला नसेल, म्हणून ती परत गेली.

मी पडवीत गेले. पडवीच्या टिनाला हात लावता येत नव्हता. फडके काढले तेव्हा वर फेस होता. तरी मी चूल पेटवली. पाणी ओतले, चीक मोजला, शिजायला घातला. तो घट्ट होईना. लाकडी चाटूवरून ताकासारखा गळत राहिला. एक घाणा खाटेवर घातला, तो पसरला आणि लालसर झाला. मी चुलीपुढे बसून राहिले. रडले नाही. उलट अंग हलके वाटत होते, इतके दिवसांनी झोप झाली होती. ते मला त्या वेळी फार वाईट वाटले.

जामच्या ताई त्याच दिवशी दुपारी आल्या. लग्नाच्या खरेदीला समुद्रपूरला निघाल्या होत्या, वाटेत पाहून जाऊ म्हणाल्या. गंजाजवळ उभ्या राहिल्या आणि पदर नाकाला लावला.

"हे काय वो? डबक्यावानी वास येऊन राह्यला."

जाऊ खाट धूत होती, ती पुढे आली.

"ताई, काय सांगाचं, बाईले रातच्यालेच एकदम पाळी आली. मंग चिकाले हात कसा लावतीन?"

तिने हे आधी मला सांगितले नव्हते. त्याच क्षणी तिला सुचले असावे. आमच्या विहारात पाळीचा विटाळ मानत नाहीत, तसे उघड सांगतातही. पण पापड, लोणची, कुरडया यांच्या बाबतीत सगळ्याच घरांतल्या बाया मनातून धरतात. चीक नासला की पहिला प्रश्न तोच असतो. आणि चीक नासू नये म्हणून हात लावला नाही, यावर कोणाला काही बोलता येत नाही.

"खरं काय वो?" ताईंनी मला विचारले.

मी खाली पाहिले. आमच्याकडे बाईने अशा वेळी खाली पाहिले म्हणजे हो. पाळी येऊन मला चार महिने झाले होते.

"मंग दुसऱ्या कोनाले सांगाचं होतं."

"रातच्या दोनले कोनाले उठवतीन?" जाऊ म्हणाली.

ताईंनी फडके परत गंजावर टाकले. मग म्हणाल्या, "जाऊ दे माय. त्याले कोनाचा इलाज हाय? आता बाजारातून घेईन. बयान्याचं पुढच्या साली पाहू. पुढच्या साली करून देजो." ऑटोत बसताना त्यांनी मला म्हटले, "तू आराम कर. चेहरा पाह्य कसा उतरला."

आंबलेला चीक शेजारच्या म्हशींनी दोन दिवस खाल्ला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कूलरचा उपयोग तेवढ्या एका रात्रीपुरताच झाला. नंतर पुन्हा दोनला जाग येऊ लागली आणि आता जाग आली की पहिली आठवण त्या गंजांची येई. थंडीत कापूस वेचताना मला दोनदा चक्कर आली. गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंनी मला सेवाग्रामला नेले.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. रक्त तपासले, वजन घेतले. म्हणाल्या, "रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या देते. झोपेचं जे आहे, तो काही मोठा रोग नाही. पाळी थांबायच्या आधीची काही वर्षं अशी जातात. घाम, जाग, विसरणं, चिडचिड. पुष्कळ बायांना होतं."

पुष्कळ बायांना होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी माझ्या गल्लीतल्या पन्नाशीच्या बायांची तोंडे आठवू लागले.

"झोप सगळ्यात चांगली कधी लागते?" त्यांनी विचारले.

"पहाटे. चारच्या पुढं."

"आणि उठता कधी?"

तिथे मी त्यांना कुरडयांचे सांगितले. का सांगितले माहीत नाही. अनोळखी होत्या, पुन्हा गावात भेटणार नव्हत्या. चीक, कूलर, जावेने काय सांगितले आणि मी खाली कसे पाहिले, ते सगळे. बाहेर बायांची रांग होती. त्यांनी मला थांबवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "मग त्या ताईंना काय वाटतं, काय झालं होतं?"

"पाळी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहू लागल्या. दुपारी झोपू नका. चारनंतर चहा नको. रोज एकाच वेळी उठा, झोप झाली असो वा नसो. रात्री जाग आली आणि वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसा, पण खराटा हातात घेऊ नका. जाड गोधडीऐवजी दोन पातळ. पुन्हा चक्कर आली, किंवा पाळीत फार जास्त जायला लागले, तर लगेच या. आणि पंधरा दिवस लिहून आणा.

संध्याकाळचा चहा सोडणे सगळ्यात जड गेले. आठ दिवस डोके दुखले. दुपारची डुलकी मोडायला मी जेवण झाले की उभ्याने तांदूळ निवडू लागले. रात्री जाग आली की उठून दाराच्या पायरीवर बसे, कपाळाला पाणी लावी आणि डोळे जड झाले की परत जाई. वहीत पाहिले तर पहिल्या आठवड्यात एकच रात्र बरी गेली होती, दुसऱ्या आठवड्यात दोन. डॉक्टरीणबाईंनी पाने चाळली आणि म्हणाल्या, "हळूहळू असंच वाढेल. काही रात्री नाहीच येणार." त्या खोटे बोलत नाहीत म्हणून मला बरे वाटले.

मग होळी आली. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे गहू येऊ लागतात. त्या साली आले नाहीत. रोज वाट पाहिली. मी साचा घासून ठेवला, खाटेची सुतळी ताणून घेतली. रंगपंचमी झाली. गावातल्याच एकीने तिचा गहू दुसऱ्या गल्लीत दिलेला मला दिसला. मी जावेला विचारले. ती आधी काही सांगेना.

"सांग ना."

"जामच्या ताई हाटेलात बोलल्या म्हने. त्या बाईचं आता वय झालं. या वयात कव्हाई येते, कव्हाई जाते, काई धरबंद नाई. पाच-पाच दिवस गहू भिजवा, अन् ऐन वक्ताले बाई बाजूले बसंन. कोन देईन गहू?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, म्या तर तुमाले वाचवाले सांगितलं होतं."

"हो."

"मले काय माहीत असं होईन."

"तुले कसं माहीत राहीन," मी म्हटले. तिच्यावर मला राग नव्हता. तिने तोंडाने सांगितले, मी मानेने.

ती रात्र मी पायरीवर बसून काढली. धरबंद नाही हे ताई ज्या कारणासाठी म्हणत होत्या ते घडलेच नव्हते, आणि जे घडले होते ते कोणाला ठाऊक नव्हते. मी गप्प राहिले तर होळी ते मृग हे तीन महिने माझ्या हातून कायमचे जाणार होते. त्या वेळी माझे वय अठ्ठेचाळीस होते. बाकीच्या आयुष्यात मला दुसरे काही नीट करता येत नाही.

दोन दिवसांनी मी ऑटोने जामला गेले. सकाळी दहाला पोहोचले. भोजनालयात गर्दी होती, आठ-दहा ट्रकवाले बसले होते. ताई तव्यापाशी होत्या.

"तू कशी आली वो? बस. कोनाच्या सोबत आली?"

"एकटीच."

मी बसले. इतक्या माणसांत बोलणे शक्य नव्हते. शेजारी कांद्याची पाटी होती, मी कांदे सोलू लागले. बारा वाजेपर्यंत अर्धी पाटी झाली. शेवटी एकच ड्रायव्हर उरला, तोही खाटेवर आडवा झाला होता. ताई घाम पुसत माझ्याजवळ आल्या.

"आता सांग. कांदे सोलाले त आली नाई तू."

मी कांद्याकडे पाहतच म्हटले, "ताई, गेल्या साली मले पाळी नव्हती आली."

"काय?"

"चीक आंबला तव्हा. मले झोप लागली होती. चारले उठाचं होतं, नऊले उठली."

"झोप?"

"हो. मले दोन वर्सं झोप नव्हती. त्याच राती लागली. त्याच दिवशी कूलर आनला होता." हेही सांगून टाकावे असे वाटले. "तुमच्या बयान्याचा."

मी इतकी वाक्ये एकामागे एक बोललेली त्यांनी कधी ऐकली नसतील.

"म्हंजे माया पोरीच्या लग्नाच्या कुरड्या आंबवल्या, अन् माया पैशाच्या थंड्या हवेत तू झोपली?"

"हो."

खाटेवरचा ड्रायव्हर हसला. ताईंनी त्याच्याकडे पाहिले, तसा तो तोंडावर दुपट्टा ओढून झोपला.

"अन् मले दहा वर्सं झाले झोप नाई," त्या म्हणाल्या. "रातभर हे ट्रक भोंगे वाजवतात, वरून आंगाची आग. म्या कोनाचा भात जाळला काय? कोनाची पोई करपवली काय? मले कुरड्या पायजे होत्या, तुया झोपेची कहानी नाई!"

"हो."

"हो हो काय करते? मंग तव्हाच काऊन नाई सांगितलं? अन् आता काऊन सांगून राह्यली? झाकलं होतं ना?"

"तुमी म्हनता या बाईचा धरबंद नाई. गहू येत नाई मले. पाळीनं काई झालं नाई, ताई. झोपेनं झालं. झोपेचं मी पाहून घेईन."

त्यांनी पाटीतला एक कांदा उचलला, पाहिला आणि परत टाकला.

"पैसे आन मंग. पाळी म्हनून सोडले होते म्या. झोपेचे नाई सोडनार. तीन हजार, अन् गव्हाचे सातशे."

"आनते. एकदम नाई जमनार."

"जसे जमतीन तसे आन. पन आन."

मी उरलेले कांदे सोलून दिले आणि ऑटो पकडला.

ताईंनी ती गोष्ट पोटात ठेवली नाही. ठेवतील असे मला वाटलेही नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितले आणि दरवेळी कूलर थोडा मोठा होत गेला. माझ्या गावापर्यंत आला तेव्हा तो नवा कोरा आणि बारा हजारांचा झाला होता. बाया विहिरीवर मला पाहून हसत. "कशी काय झोप लागली का रातच्याले?" असे म्हाताऱ्यासुद्धा विचारत. मी पदर पुढे ओढून निघून येई. पण त्या हसत होत्या, नाक मुरडत नव्हत्या. आणि दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले की सेवाग्रामला कोणत्या वारी जायचे असते.

पंधरा दिवसांनी समुद्रपूरहून एक बाई पिशवी घेऊन आल्या.

"तुमीच काय त्या कूलरवाल्या बाई?"

मला जमिनीत जावेसे वाटले. "हो," मी म्हटले.

"हे पाच किलो गहू घ्या. झोपल्या त पाचच किलो जाईन माया."

त्या पाच किलोंच्या वेळी मी पहिल्यांदा गजर लावला, दोन लावले. जावेला माझ्या अंगणातच झोपायला सांगितले. यांना सांगितले, चिकाच्या रात्री मी कितीही गाढ झोपलेली दिसले तरी उठवायचे. ते म्हणाले, "पाप लागन मले." मी म्हटले, "लागू द्या." दोनला जाग आली तेव्हा मी पायरीवर बसले. चारला सगळे उठले, गजरही वाजले, जावेची मुलगीही उठून बसली. कुरडया पांढऱ्या झाल्या. त्या बाईंनी पुढच्या आठवड्यात दहा किलो दिले. नंतर गावातलेही गहू आले, पहिल्यासारखे नाही, निम्मे. त्या उन्हाळ्यात मी सात घरांच्या कुरडया केल्या.

झोप अजूनही पूर्ण आलेली नाही. आठवड्यात तीन-चार रात्री ठीक जातात. एखाद्या रात्री वाफ चढते, मी पातळ गोधडी बाजूला करते आणि बसते. पाळी सहा महिन्यांत एकदा आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसेच चालले आहे.

ताईंचे पैसे मी पहिल्या कुरडयांपासूनच द्यायला सुरुवात केली. चैत्रात हजार, वैशाखात हजार. मृग लागायच्या आधी पाचशे. पावसाळ्यात निंदणीच्या मजुरीतून काही उरले नाही, तेव्हा दोन महिने गेलेच नाही. जायला लाज वाटत होती. पोळ्यानंतर पाचशे दिले. दरवेळी ताई पैसे घेत आणि तव्याकडे वळत, जास्त काही बोलत नसत. एकदा फक्त म्हणाल्या, "रातच्याले तू काय करते जाग आल्यावर?" मी म्हटले, "पायरीवर बसते, मंग डोळे जड झाले का जाते." त्या म्हणाल्या, "माया पायरीवर ट्रक उभा राह्यते."

कापूस फुटला. पहिल्या वेचणीचे पैसे हातात आले तसे मी जामला गेले. गव्हाचे सातशे राहिले होते. ताई भाकरी थापत होत्या. मी नोटा काढल्या.

"गव्हाचे राहू दे," त्या म्हणाल्या. "तव्हा रागात बोलली होती मी."

"नाई ताई. घ्या."

"म्हशीनं त खाल्लाच ना तो गहू."

"माया हातानं आंबला."

त्यांचे हात पिठाचे होते. मी नोटा गल्ल्याशेजारच्या ताटलीत ठेवल्या आणि वर वाटी ठेवली, पंख्याने उडू नयेत म्हणून. त्यांनी हात पुसले, वाटी उचलली, बोट जिभेला लावून शंभराच्या सात नोटा मोजल्या आणि गल्ल्यात टाकल्या. "झाले सारे," त्या म्हणाल्या. "सदतीसशे."